व्हर्च्युअल मशीनमधली डिस्क आणि तिचा वेग

व्हर्च्युअल मशीनला जी डिस्क दिसते ती बहुतेक वेळा डिस्क नसतेच. होस्टवरची एखादी अवाढव्य फाइल, लॉजिकल व्हॉल्यूमचा तुकडा किंवा नेटवर्कपलीकडच्या स्टोरेजचा एखादा हिस्सा डिस्कचे सोंग घेऊन उभा असतो. आतली ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे गेस्ट, ते सोंग खरे मानून चालते. ती सेक्टर मागते, सेक्टर लिहिते, फ्लश करायला, म्हणजे लिहिलेले डिस्कवर पक्के करायला, सांगते. हे सोंग वठवण्याचे काम हायपरवायझरचे. प्रोसेसर आणि मेमरी यांच्या बाबतीत त्याचा बराचसा भार आता हार्डवेअरने उचलला आहे, त्यामुळे निव्वळ आकडेमोड करणारा प्रोग्रॅम व्हर्च्युअल मशीनमध्ये जवळजवळ मूळ वेगानेच चालतो. डिस्कचे तसे नाही. सर्व्हर तोच, डिस्क तीच, डेटाबेसही तोच असताना केवळ मांडणी बदलली म्हणून वेग कित्येक पटींनी वरखाली होतो. तो का होतो हे समजण्यासाठी एकेका विनंतीचा गेस्टमधल्या ॲप्लिकेशनपासून खऱ्या डिस्कपर्यंतचा आणि तिथून परतीचा प्रवास पाहावा लागतो.

प्रश्न जुना आहे. आयबीएमच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमधली सीपी-४० ही प्रणाली १९६७ साली वापरात आली. मेनफ्रेमच्या या घराण्यात एका डिस्कचे सिलिंडर वाटून प्रत्येक व्हर्च्युअल मशीनला स्वतःची ‘मिनीडिस्क’ दिली जाई. गेस्टने लिहिलेला चॅनल प्रोग्रॅम सीपी हे नियंत्रक सॉफ्टवेअर तपासून पाही, त्यातले पत्ते बदली आणि मगच तो खऱ्या हार्डवेअरकडे धाडी. हा भाषांतराचा खटाटोप महागात पडतो हे तेव्हाच ध्यानात आले होते. १९७२ साली जाहीर झालेल्या व्हीएम/३७० मध्ये सीएमएस ही गेस्ट सिस्टिम आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत हे गृहीत धरूनच लिहिलेली होती, आणि डिस्कच्या कामासाठी ती ‘डायग्नोज’ नावाच्या सूचनेने थेट सीपीलाच हाक मारी. गेस्टला खरी परिस्थिती सांगून टाकली की काम स्वस्तात होते, ही युक्ती पुढे तीनेक दशकांनी पीसीच्या जगात नव्याने शोधल्यासारखी आली.

पीसीच्या जगातले सर्वांत परिचित उदाहरण लिनक्सवरच्या केव्हीएम आणि क्यूईएमयू या जोडीचे. केव्हीएम २००७ च्या फेब्रुवारीत लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत दाखल झाले. प्रोसेसर आणि मेमरी ते सांभाळते, तर डिस्क, नेटवर्क कार्ड वगैरे उपकरणांची नक्कल क्यूईएमयू करते. क्यूईएमयू हा होस्टवर चालणारा एक साधा प्रोग्रॅमच असतो. गेस्टला जुनी आयडीई डिस्क दाखवली असेल तर चार किलोबाइट वाचण्याच्या एका विनंतीचे काय होते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. गेस्टचा ड्रायव्हर किती सेक्टर हवेत ते एका पोर्टवर लिहितो, पत्त्याचे भाग दोन-तीन पोर्टांवर लिहितो, कोणती डिस्क ते आणखी एका पोर्टवर, मग डीएमएसाठी यादीचा पत्ता आणि शेवटी हुकूम. खऱ्या मशीनवर या साध्या सूचना असतात. व्हर्च्युअल मशीनमध्ये मात्र अशा प्रत्येक सूचनेला प्रोसेसर गेस्टचे काम थांबवतो, केव्हीएमकडे येतो, तिथून क्यूईएमयूकडे जातो, क्यूईएमयू आपल्या नकली रजिस्टरमध्ये तो आकडा टिपून ठेवते आणि गेस्ट पुन्हा सुरू होतो. या बाहेर पडण्याला ‘एक्झिट’ म्हणतात. काम झाल्यावर इंटरप्ट येतो आणि स्टेटस वाचण्या-पुसण्यासाठी पुन्हा काही एक्झिट होतात. एका चार केबीपायी डझनभर हेलपाटे सहज पडतात.

व्हर्टआयओने हे हेलपाटे वाचवले. रस्टी रसेल या ऑस्ट्रेलियन प्रोग्रॅमरने त्याची रचना केली आणि जानेवारी २००८ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.२४ मध्ये तिचे ड्रायव्हर सामील झाले. त्याआधी २००३ साली झेन या हायपरवायझरनेही गेस्टमध्ये अर्धा आणि होस्टकडे अर्धा अशा जोड-ड्रायव्हरची वाट धरली होती. व्हर्टआयओमध्ये गेस्ट आणि होस्ट यांच्या सामाईक मेमरीत एक रांग असते. एका तक्त्यात विनंत्यांची वर्णने, एका गोल यादीत ‘या तयार आहेत’ ही नोंद, दुसरीत ‘या झाल्या’ ही नोंद. गेस्टने वर्णन लिहायचे, यादीत क्रमांक टाकायचा आणि एकदाच टकटक करायची. एका टकटकीत दहा विनंत्याही पुढे सरकतात. होस्ट आधीच रांग उपसत असेल तर टकटकही लागत नाही. नक्कल कोणत्या खऱ्या कंट्रोलरची, हा प्रश्नच उरत नाही, कारण असा कंट्रोलर मुळात कधी कोणी बनवलेलाच नव्हता.

असे असूनही कित्येक व्हर्च्युअल मशीन वर्षानुवर्षे आयडीई किंवा साटाच्या नकलेवर चालत राहतात, आणि त्याचे कारण अगदी घरगुती आहे. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये व्हर्टआयओचा ड्रायव्हर नसतो. डिस्क व्हर्टआयओची दिली की ‘कुठे इन्स्टॉल करायचे’ या पानावर यादी रिकामी दिसते. ड्रायव्हरची वेगळी आयएसओ जोडून ‘लोड ड्रायव्हर’वर जावे लागते. घाईत असलेला माणूस त्याऐवजी डिस्कचा प्रकार साटा करतो, काम उरकतो आणि ते मशीन पुढे तसेच उत्पादनात जाते.

या हेलपाट्यांची किंमत किती, हे खाली कोणती डिस्क आहे त्यावर ठरते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो सेक्टर हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद, आणि हेड सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद. विखुरलेल्या जागांचे वाचन अशा डिस्कवर सेकंदाला जेमतेम ७५ ते ८० होते. एक हेलपाटा दीड-दोन मायक्रोसेकंदांचा धरला तर डझनभर हेलपाट्यांचे वीसेक मायक्रोसेकंद होतात. साडेबारा मिलिसेकंदांच्या कामात ते हजारात दोनही भरत नाहीत. म्हणूनच हार्ड डिस्कच्या जमान्यात हायपरवायझरचा डिस्कवरचा बोजा नगण्य असल्याचे सांगितले जाई, आणि ते खोटे नव्हते. पुढे फ्लॅश आली. २०११ मध्ये एनव्हीएमईचे पहिले अधिकृत विनिर्देश आले. चांगल्या एनव्हीएमई डिस्कवर एक वाचन ८० ते १०० मायक्रोसेकंदांत उरकते, तेव्हा तेच वीस मायक्रोसेकंद पाचवा-चौथा हिस्सा होऊन बसतात. २०१७ साली बाजारात आलेल्या इंटेलच्या ऑप्टेन डिस्क दहाएक मायक्रोसेकंदांत उत्तर देत. तिथे हा सारा प्रकार चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असाच झाला. डिस्क हजारपट वेगवान झाली, रस्ता होता तेवढाच लांब राहिला.

रस्ता आखूड करण्याचे प्रयत्न मग एकामागून एक आले. क्यूईएमयूमध्ये डिस्कचे काम मुख्य धाग्यातून काढून वेगळ्या ‘आयओ थ्रेड’कडे देता येते. व्हर्टआयओ ब्लॉकला एकाऐवजी अनेक रांगा मिळाल्या, म्हणजे प्रत्येक व्हर्च्युअल सीपीयूने आपापल्या रांगेत टाकावे, कुलपासाठी ताटकळू नये. लिनक्सच्या स्वतःच्या ब्लॉक विभागाने हा बदल २०१४ साली आलेल्या ३.१३ मध्ये सुरू केला आणि २०१९ मध्ये ५.० ला जुनी एकेरी रांग काढूनच टाकली. त्याच वर्षी जेन्स ॲक्सबो यांचे आयओ-यूरिंग ५.१ मध्ये आले. कर्नल आणि प्रोग्रॅम यांच्यात सामाईक रांगांची जोडी ठेवण्याची त्याची पद्धत व्हर्टआयओच्या वळणाची आहे, आणि क्यूईएमयूने ते लवकरच उचलले. एसपीडीकेसारख्या प्रकल्पांनी तर होस्टचे कर्नलही मध्ये ठेवले नाही. एक प्रोसेसर कोअर सतत रांगेकडे डोळे लावून बसवायचा, इंटरप्टची वाट पाहायचीच नाही. तो कोअर काम असो नसो शंभर टक्के जळत राहतो. ही किंमत कोणाला परवडते? ज्याच्याकडे मशीनभर भाडेकरू आहेत त्याला. दोन-चार गेस्ट चालवणाऱ्या कचेरीला नव्हे.

टोकाचा उपाय म्हणजे मधला माणूसच काढून टाकणे. आयओएमएमयू या हार्डवेअरच्या आधाराने एक आख्खी एनव्हीएमई डिस्क गेस्टच्या हवाली करता येते, आणि मग वेग जवळपास मूळचाच मिळतो. त्याबरोबर चालू स्थितीतले मशीन दुसऱ्या होस्टवर हलवणे, हायपरवायझरचे स्नॅपशॉट आणि एका डिस्कचे दहाजणांत वाटप या सोयी जातात किंवा फार अवघड होतात. आभासीकरण ज्यासाठी केले तेच हातचे गेल्यावर हा सौदा सर्वांना पटत नाही. ॲमेझॉनने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या नायट्रोत वेगळी वाट घेतली. डिस्कचे सोंग वठवण्याचे काम सर्व्हरच्या मुख्य प्रोसेसरवरून काढून खास कार्डांवर नेले. गेस्टला एनव्हीएमई डिस्क दिसते, तिच्यामागे मात्र ईबीएस या ॲमेझॉनच्या नेटवर्कवरच्या स्टोरेजचे व्हॉल्यूम असते.

रस्ता कितीही आखूड केला तरी त्याच्या टोकाला फाइल कोणत्या प्रकारची आहे याने बराच फरक पडतो. कच्च्या, म्हणजे ‘रॉ’ प्रतिमेत गेस्टचा दहावा गिगाबाइट हा फाइलचाही दहावा गिगाबाइट असतो, शोधाशोध नसते. क्यूकाऊ-२ या क्यूईएमयूच्या प्रकारात जागा लागेल तशी मिळते, स्नॅपशॉट घेता येतात, मूळ प्रतिमेवर थर चढवता येतात. बदल्यात प्रत्येक पत्ता दोन पातळ्यांच्या तक्त्यांतून शोधावा लागतो. मूळ एकक ६४ किलोबाइटचे, आणि प्रत्येक एककाची तक्त्यातली नोंद आठ बाइटची. म्हणजे एक मेगाबाइट तक्ते मेमरीत ठेवले तर आठ गिगाबाइट डिस्कचा पत्ता हाताशी राहतो. क्यूईएमयूत बराच काळ मूळ मर्यादा तेवढीच होती. शंभर गिगाबाइटच्या डेटाबेसवर विखुरलेली वाचने सुरू झाली की बहुतेक वाचनांआधी तक्त्याचा तुकडा वाचण्यासाठी आणखी एक वाचन होई. लोक डिस्कला शिव्या घालत, आणि दोष एका आकड्याचा असे. ३.१ आवृत्तीपासून लिनक्सवर ही मर्यादा ३२ मेगाबाइटवर नेली आणि २५६ गिगाबाइटपर्यंतचा प्रश्न मिटला.

लिहिण्याच्या बाजूला याहून मोठा सापळा आहे. मूळ प्रतिमेवर थर चढवलेल्या डिस्कमध्ये गेस्टने एखाद्या न शिवलेल्या जागी चार किलोबाइट लिहिले, तर बाकीचे ६० किलोबाइट मूळ प्रतिमेतून वाचून आणावे लागतात, नवे एकक राखावे लागते, ते लिहावे लागते आणि तक्त्यांत नोंद करावी लागते. दुसऱ्यांदा त्याच जागी लिहिणे सरळ असते. स्नॅपशॉट घेतल्यानंतरच्या तासाभरात मशीन मंद का वाटते, याचे उत्तर बहुधा इथे सापडते. हाच प्रकार नकळत दुप्पट होतो तो अशी फाइल बीटीआरएफएस किंवा झेडएफएस या फाइल सिस्टिमवर ठेवल्यावर. तिथे प्रत्येक बदल मुळातच नव्या जागी लिहिला जातो, म्हणजे नकलेवर नक्कल. एका काळी यात मांडणीच्या चुकीचीही भर असे. विंडोज एक्सपी आणि सर्व्हर २००३ पहिले पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करत, त्यामुळे गेस्टचा प्रत्येक चार केबीचा ठोकळा खालच्या दोन ठोकळ्यांवर पसरे. व्हिस्टापासून सुरुवात एक मेगाबाइटवर गेली. जुन्या सर्व्हरच्या तशाच उतरवलेल्या प्रतींत मात्र हा दोष अजून जिवंत सापडतो.

कॅशची गोष्ट वेगापेक्षा विश्वासाची जास्त आहे. गेस्टचे स्वतःचे पेज कॅश असते, होस्टचेही असते, आणि तीच पाने दोन्हीकडे साठवून मेमरी दुहेरी खर्च होऊ शकते. क्यूईएमयूतला ‘नन’ हा पर्याय होस्टचे कॅश टाळतो. ‘राइटबॅक’ ते वापरतो आणि लिहिलेले होस्टच्या मेमरीत पोचताच ‘झाले’ म्हणतो. हे ऐकून अनेकांच्या पोटात गोळा येतो, पण गेस्टने फ्लश मागितल्यावर तो इमानाने खाली पोचवला जातो, आणि नीट लिहिलेला डेटाबेस प्रत्येक कमिटला फ्लश मागतोच. ‘राइटथ्रू’ प्रत्येक लेखनामागे फ्लश लावतो, तो सुरक्षित असला तरी रडतखडत चालतो. ‘अनसेफ’ मात्र नावाप्रमाणेच आहे. फ्लशची विनंती ऐकून तो नुसती मान डोलावतो. चाचणीत त्याचे आकडे डोळे दिपवतात, वीज गेली की फाइल सिस्टिमच मोडलेली निघू शकते. कुठल्याही तुलनेत एखाद्या मांडणीचे लेखन संशयास्पद वेगवान दिसले तर पहिली शंका फ्लश गिळला जात असल्याची घ्यावी.

एका होस्टवर अनेक गेस्ट आले की आणखी एक घोटाळा होतो. दहा गेस्ट आपापल्या परीने सलग वाचत असले तरी खाली पोचेपर्यंत दहा प्रवाह एकमेकांत मिसळतात आणि डिस्कला ते विखुरलेलेच दिसतात. हार्ड डिस्कवर याचा फटका जबर, फ्लॅशवर सौम्य. गेस्टमधल्या शेड्यूलरने पत्त्यांच्या क्रमाने विनंत्या लावण्यात मग काही हशील नसते, कारण गेस्टच्या पत्त्यांचा खऱ्या जागांशी संबंध उरलेला नसतो. म्हणून गेस्टमध्ये ‘नन’ शेड्यूलर ठेवतात. एका गेस्टने सगळी रांग अडवू नये यासाठी प्रत्येकाला मर्यादा घालतात, आणि भाड्याच्या क्लाउडमध्ये या मर्यादा म्हणजेच विकायचा माल. ईबीएसच्या जीपी-२ प्रकारात दर गिगाबाइटमागे सेकंदाला तीन विनंत्यांचा हक्क मिळतो. शंभर गिगाबाइटला ३०० झाले. शिवाय ५४ लाख विनंत्यांची शिल्लक असते, ती मोडून ३,००० पर्यंत धावता येते. दर सेकंदाला २,७०० शिल्लकीतून जातात, म्हणजे २,००० सेकंदांत, साधारण ३३ मिनिटांत, खाते रिकामे. दहा मिनिटांच्या चाचणीत ३,००० दाखवणारी डिस्क रात्रीच्या बॅकअपला पाऊण तासानंतर ३०० वर येते, ती बिघडलेली नसते. २०२० च्या डिसेंबरमध्ये आलेल्या जीपी-३ मध्ये शिल्लकीचा हिशेब काढून टाकला आणि आकार कितीही असो ३,००० चा पाया दिला.

मोजमाप हा या विषयातला सर्वांत फसवा भाग. ‘डीडी’ने शून्यांची एक गिगाबाइटची फाइल लिहून सेकंदाला दोन गिगाबाइट असा आकडा काढणे हा सर्वत्र चालणारा प्रकार, आणि त्यात बहुतेक वेळा गेस्टच्या मेमरीचा वेग मोजलेला असतो. ॲक्सबो यांचेच ‘एफआयओ’ हे साधन यासाठी योग्य, पण त्यालाही काय विचारायचे ते कळले पाहिजे. ‘डायरेक्ट’ लावून गेस्टचे कॅश टाळले तरी होस्टचे कॅश मध्ये असू शकते. नुकत्याच तयार केलेल्या, एकदाही न लिहिलेल्या, जागा लागेल तशी घेणाऱ्या प्रतिमेवर वाचनाची चाचणी केली तर क्यूईएमयू ‘इथे काही नाही’ असे तक्त्यात पाहून शून्ये परत करते. डिस्कला स्पर्शही होत नाही आणि आकडा लाखांत जातो. याच्या उलट, स्नॅपशॉटवरून उभ्या केलेल्या ईबीएस व्हॉल्यूमवर पहिले वाचन मागच्या साठ्यातून खेचावे लागते म्हणून संथ असते. चाचणीआधी सगळी डिस्क एकदा भरून किंवा वाचून काढणे दोन्ही बाबतींत आवश्यक ठरते.

सेकंदाला किती विनंत्या, या एकट्या आकड्याला तर काही अर्थच नसतो. रांगेत एका वेळी किती विनंत्या ठेवल्या होत्या ते सोबत सांगावे लागते. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम इथे जसाच्या तसा लागू पडतो. रांगेतल्या विनंत्यांची संख्या म्हणजे दर सेकंदाचा ओघ गुणिले प्रत्येकीला लागणारा वेळ. शंभर मायक्रोसेकंदांच्या डिस्कवर एकेक विनंती पाठवली तर सेकंदाला १०,००० होतात, बत्तीस एकदम ठेवता आल्या आणि वेळ तेवढाच राहिला तर ३,२०,०००. जाहिरातीत दुसरा आकडा असतो. कमिट करून थांबणाऱ्या डेटाबेसच्या वाट्याला पहिलाच येतो, आणि तिथे हायपरवायझरचा प्रत्येक जादा मायक्रोसेकंद थेट वसूल होतो. नेटवर्कवरच्या स्टोरेजला एक मिलिसेकंद लागत असेल तर एका धाग्याला सेकंदाला हजारांवर जाता येत नाही, मग तिकडे कितीही डिस्क लावा. सरासरीही पुरत नाही. शंभरातली सर्वांत संथ विनंती किती थांबली ते पाहावे, कारण शेजारच्या गेस्टचा त्रास सरासरीत लपतो आणि तिथे उघडा पडतो.

गेस्टमध्ये बसून घेतलेल्या मोजमापाला आणखी एक मर्यादा आहे. डिस्कचे उत्तर आले, पण त्या क्षणी होस्टने व्हर्च्युअल सीपीयूला बाजूला ठेवले असेल, तर तो थांबण्याचा वेळही डिस्कच्या नावावर पडतो. त्यामुळे ‘आयओस्टॅट’मधला ‘अवेट’चा, म्हणजे विनंतीला लागलेल्या सरासरी वेळाचा, रकाना वाचताना ‘टॉप’मधला ‘स्टील’चा, म्हणजे होस्टने हिरावलेल्या वेळाचा, आकडा शेजारी ठेवावा. ‘युटिल’ शंभर टक्के दिसले म्हणून डिस्क संपली असेही नव्हे. एका वेळी अनेक विनंत्या झेलणाऱ्या एनव्हीएमईवर त्या रकान्याचा अर्थ फक्त ‘रांग कधी रिकामी नव्हती’ एवढाच होतो. होस्ट आपल्या ताब्यात असेल तर सर्वांत उपयोगी काम म्हणजे तोच भार चालू असताना गेस्टमधला आणि होस्टवरचा ‘अवेट’ एकाच वेळी टिपणे. गेस्टमध्ये २४० मायक्रोसेकंद आणि होस्टवर ९० दिसले तर दीडशे मायक्रोसेकंद मधल्या रस्त्यावर जात आहेत. ड्रायव्हर, रांगा, आयओ थ्रेड आणि प्रतिमेचे तक्ते या क्रमाने तपासावे. दोन्हीकडे आकडा जवळपास सारखाच असेल तर मात्र हायपरवायझरच्या सेटिंगशी झटापट करून काही साधत नाही. तिथे डिस्क बदलावी लागते किंवा ॲप्लिकेशनला कमी फ्लश मागायला शिकवावे लागते.